आज्ञेच्या ओळीवर पगारपत्रक



कामगार-संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने संगणकावर बोलावे याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण दहावीच्या आतच आटोपले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या फायली चाळून आणि चुका करून शिकलो. त्यांतली एक चूक आज आपणांपुढे मांडायची आहे. कारण तिच्यावाचून हा विषय नीट उलगडत नाही.

प्रथम विषय काय तो पाहू. हजेरीपट, पगारपत्रक, रेशनदुकानाची नोंदवही, पतपेढीचे खाते या सर्वांत एक गोष्ट समान आहे. माहिती ओळींत आणि रकान्यांत मांडलेली असते. एका ओळीत एक माणूस, एका रकान्यात एक बाब. अशा शिस्तीत बसवलेल्या माहितीला सुरचित माहिती म्हणतात. ती पाहणे आणि तिचे रूप पालटणे हे काम काही संगणकाने जन्माला घातलेले नाही. पेढीवरचा मुनीम दिवसभराचे व्यवहार कीर्दीत लिही, आणि मग कीर्दीवरून खतावणी करी. कीर्दीत व्यवहार तारखेप्रमाणे असतात, खतावणीत ते माणसाप्रमाणे येतात. नोंदी त्याच, पण मांडणी बदलली की कोणाकडे किती येणे आहे ते दिसू लागते. मांडणी बदलण्याचे सामर्थ्य ते एवढेच, आणि ते थोडे नव्हे.

आता आमच्या अनुभवाकडे वळू. एका कारखान्यात ठेकेदाराकडे अकराशेंवर कामगार होते. त्यांच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीसाठी दरमहा 12 टक्के कापले जात. हा कायदा 1952 सालचा. कामगाराचे 12 टक्के कापायचे, मालकाने आपला वाटा घालायचा आणि सारी रक्कम निधीत भरायची. काही बायका आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पैसे कापतात, पण पासबुकात दिसत नाहीत." त्यांचा शब्द खरा मानला तरी शब्दावर वाटाघाट होत नाही. आम्ही दोन फायली मागून घेतल्या. एक ठेकेदाराचे पगारपत्रक, दुसरी निधीच्या कार्यालयात दरमहा पाठवले जाणारे विवरणपत्र.

पगारपत्रक सीएसव्ही नावाच्या प्रकारात होते. हा साधा मजकूर असतो. रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम, एवढीच त्याची खूण. विवरणपत्रही साधा मजकूरच, फक्त त्यात रकान्यांच्या मध्ये #~# अशी तीन चिन्हे येतात. दोन्हींत प्रत्येक कामगाराचा बारा आकडी यूएएन, म्हणजे निधीतला कायमचा क्रमांक होता. तो क्रमांक म्हणजे दोन फायलींना जोडणारी किल्ली.

आपण म्हणाल, एक्सेल उघडावे आणि पाहावे. आम्हीही प्रथम तेच केले. पण एक्सेलला बारा आकडी संख्या लांब वाटते. तो ती आखूड करून, मध्ये इंग्रजी ई घालून दाखवतो. आणि ती फाइल तशीच पुन्हा सीएसव्ही म्हणून साठवली की शेवटचे आकडे कायमचे जातात. टोकन नंबराच्या डावीकडचे शून्यही तो गाळतो. याहून मोठा घोटाळा 2020 साली इंग्लंडात झाला. तेथील सार्वजनिक आरोग्य खात्याने कोविडच्या रुग्णांची यादी एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत घातली. त्या प्रकारात 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. जास्तीच्या ओळी गुपचूप गळल्या आणि 15,841 रुग्ण दैनंदिन मोजणीत आले नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या माणसांना कळवण्यासही उशीर झाला. साधन वाईट होते असे नव्हे. पण ते न विचारता काही करते आणि केल्याचे सांगत नाही, हा त्यातला धोका.

म्हणून आम्ही आज्ञेच्या ओळीकडे वळलो. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, एंटर दाबायचे, उत्तर वाचायचे. या पद्धतीची साधने बहुतेक युनिक्स या प्रणालीतून आली. ती 1969 पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवली. त्यांचे सहकारी डग्लस मॅक्इलरॉय यांनी 1964 सालीच एक टिपण लिहिले होते की, बागेतल्या पाण्याच्या नळीला जसे तुकडे जोडता येतात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. 1973 साली ती सोय युनिक्समध्ये झाली. एका उभ्या रेघेने, | या चिन्हाने, एका प्रोग्रॅमचे उत्तर दुसऱ्याच्या हाती जाते.

आमचे वडील कापड-गिरणीत कार्डिंग खात्यात होते. आम्हांला हे समजायला नळीची उपमा लागली नाही. गिरणीत कापूस प्रथम ब्लोरूममध्ये, मग कार्डिंगला, मग रिंगखात्यात, मग वाइंडिंग-वार्पिंग होऊन मागावर जातो. प्रत्येक खाते एकच काम करते आणि माल पुढच्या खात्याला देते. आज्ञेच्या ओळीवर नेमके हेच चालते.

आता कामाला लागू. (या आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकायच्या असतात.) पहिली पायरी पाहण्याची. 'हेड' ही आज्ञा फाइलीच्या पहिल्या दहा ओळी दाखवते. 'लेस' फाइल पानापानाने वाचू देते आणि तिला धक्का लावत नाही. 'डब्ल्यूसी' ओळी मोजते. उत्तर आले 1,147, म्हणजे शीर्षकाची एक ओळ वजा जाता 1,146 कामगार.

दुसरी पायरी रूपांतराची. 'कट'ला सांगायचे, स्वल्पविराम हा विभाजक धर आणि तिसरा रकाना, म्हणजे यूएएन, तेवढा काढ. ते क्रमांक | मधून 'सॉर्ट'कडे जातात. तो त्यांना क्रमाने लावतो. 'ऑक' या साधनाने विवरणपत्रातला पहिला रकाना तसाच काढून क्रमाने लावला. ऑक 1977 साली आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांनी रचले. त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे म्हणजेच ते नाव. शेवटी 'कॉम' ही आज्ञा. ती क्रमाने लावलेल्या दोन याद्या शेजारी ठेवून सांगते, कोणत्या ओळी फक्त पहिल्या यादीत आहेत. फक्त पगारपत्रकात असलेला आणि विवरणपत्रात नसलेला क्रमांक म्हणजे कपात झाली पण भरणा नाही.

शीर्षकाची ओळ वगळून उत्तर मोजले, 63. आम्ही आकडा घेतला आणि थेट ठेकेदाराच्या कचेरीत गेलो. पगारपत्रक तयार करणाऱ्या कारकुनाला चारचौघांत नको ते बोललो. तो शांत होता. म्हणाला, "यादी दाखवा." दाखवली. यादीत वरच्या ओळींत क्रमांक नव्हतेच, नावांचे तुकडे होते. तो म्हणाला, "अहो, यांचे पैसे बुडाले नाहीत, तुमचा रकाना सरकलाय."

झाले होते असे. काही नावे 'कांबळे, सुमन' अशी, आडनाव आधी आणि मध्ये स्वल्पविराम, या रीतीने लिहिलेली होती. सीएसव्हीच्या नियमाप्रमाणे असे नाव दुहेरी अवतरणचिन्हांत असते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी 4180 या टिपणात तो नियम नोंदवला आहे. पण कट बिचारा अवतरणचिन्ह ओळखत नाही. त्याने नावातला स्वल्पविराम रकान्याची सीमा मानला आणि क्रमांकाच्या जागी नावाचा उरलेला भाग दिला. चूक त्याची नव्हे. आम्ही यादी वाचली नाही, नुसती मोजली. एक 'हेड' टंकले असते तर एका निरपराध माणसाला बोल लागला नसता. आम्ही त्याची तेथेच, त्याच चौघांसमोर क्षमा मागितली.

मग रीतसर साधन घेतले. मिलर या नावाचे एक मोफत साधन सीएसव्हीचे नियम जाणते आणि रकान्यांना क्रमांकाऐवजी शीर्षकाने हाक मारू देते. ऑकच्या 2023 मधील नव्या आवृत्तीतही सीएसव्ही नीट वाचण्याची सोय झाली आहे. पुन्हा तपासणी केली. या वेळी पुरी यादी वाचली. नऊ क्रमांक उरले, आणि ते आमच्याकडे आलेल्या बायकांचेच होते.

कारकुनाच्या कामाचीही शहानिशा केली. ऑकला लिहिले: $5 * 0.12 - $6 > 1. अर्थ असा की, पाचव्या रकान्यातल्या वेतनाला 0.12 ने गुण, त्यातून सहाव्या रकान्यातली कपात वजा कर, आणि फरक एका रुपयाहून जास्त असेल तर ती ओळ दाखव. रुपयाची सूट अशासाठी की वर्गणी जवळच्या पूर्ण रुपयात धरतात. कपात जास्त झालेली ओळ सापडावी म्हणून वजाबाकी उलटी करूनही पाहिली. त्या पत्रकातले सारे कामगार कायद्याच्या वेतनमर्यादेच्या आत असल्याने हिशेब सरळ होता. दोन्ही वेळा एकही ओळ आली नाही. कारकुनाचे पत्रक चोख होते. खोट पत्रक आणि भरणा यांच्या मधल्या वाटेवर होती.

सगळी माहिती अशी ओळी-रकान्यांत येत नाही, हेही सांगितले पाहिजे. बऱ्याच यंत्रांकडून ती जेसन नावाच्या रूपात मिळते. त्यात डब्यात डबा असतो: कामगार, त्याच्या आत महिना, त्याच्या आत रोजची आत-बाहेरची वेळ. अशा माहितीसाठी 2012 पासून जेक्यू हे साधन आहे. ते हवा तो डबा उघडून आतला माल ओळींत मांडून देते, आणि पुढे सॉर्ट, ऑक यांची वाट मोकळी होते.

नवशिक्यांसाठी दोन इशारे. > या चिन्हाने उत्तर फाइलीत लिहिले जाते. ते मूळ फाइलीच्याच नावावर लिहू नये. कारण संगणक ती फाइल वाचण्याआधी रिकामी करतो. दुसरे, पगारपत्रकात माणसांची नावे आणि क्रमांक असतात. ते कोणा त्रयस्थाला पाठवू नये. ही साधने आपल्याच यंत्रावर चालतात, माहिती घराबाहेर नेत नाहीत, हाही त्यांचा गुण आहे.

खर्चाचे म्हणाल, तर तो नाही. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीची चळवळ सुरू केली, 1991 मध्ये लिनक्स आले, आणि आज जुन्या, टाकाऊ ठरलेल्या संगणकावरही ही साधने फुकट चालतात. आमच्या कचेरीतला संगणक तसलाच आहे.

या सर्वांत आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती आज्ञांची लिहिलेली यादी. माउसने केलेल्या कामाचा माग सहसा राहत नाही. आज्ञा मात्र गणिताच्या पायऱ्यांसारख्या कागदावर राहतात. आम्ही त्या सहा ओळी तक्रार-अर्जाला जोडल्या. समोरच्या पक्षाला म्हटले, आमच्यावर विश्वास ठेवू नका, याच आज्ञा तुमच्या यंत्रावर द्या. त्या दिल्या त्या कारकुनानेच. उत्तर नऊच आले. चार महिन्यांची रक्कम व्याजासह भरली गेली, आणि त्या बायकांनी आपापली पासबुके आणून आम्हांला दाखवली.

तेव्हापासून दर महिन्याच्या पत्रकाला त्या सहा ओळी लावतो. उत्तर आले की प्रथम ते वाचतो, मग मोजतो.