कोंडुऱ्याचा समुद्र : कादंबरीतून पडद्यावर

वेंगुर्ले तालुक्याच्या किनाऱ्यावर कोंडुरा नावाचे एक ठिकाण आहे. खडकांवर आदळणाऱ्या लाटांचा घोष पावसाळ्यात तेथे दूरवर ऐकू येतो. हे नाव साहित्यात गेले ते चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या १९६६ सालच्या ‘कोंडुरा’ या कादंबरीमुळे, आणि रुपेरी पडद्यावर गेले ते श्याम बेनेगल यांच्या १९७८ सालच्या त्याच नावाच्या हिंदी चित्रपटामुळे. परंतु चित्रपट पाहणाऱ्यास तेथे वेंगुर्ल्याचा किनारा आढळत नाही. कथानक आंध्र प्रदेशातील एका खेड्यात नेण्यात आले असून, ‘अनुग्रहम्’ या नावाने त्याची तेलुगू आवृत्तीही निघाली. आपल्या मातीतील कादंबरी अशी परप्रांती गेल्यावर तिचे काय उरते, हा प्रश्न सिंधुदुर्गातील वाचकास पडणे स्वाभाविक आहे.

जुने नाते

कादंबरी आणि मराठी चित्रपट यांचे नाते जुने आहे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली प्रभातचा ‘कुंकू’ काढला. याच दिग्दर्शकाने चाळीस वर्षांनी, १९७७ साली, खानोलकरांची ‘चानी’ पडद्यावर आणली. गोऱ्या माणसाच्या अत्याचारातून जन्मलेल्या आणि त्यासाठी गावाचा रोष सोसणाऱ्या मुलीची ही कहाणी. रंजना यांनी चानीची भूमिका केली. येथे भाषा मराठी राहिली, गावही कोकणचेच राहिले. १९३० साली बागलांची राई येथे जन्मलेले आणि कुडाळात घरची खानावळ सांभाळलेले खानोलकर हा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, १९७६ साली, निवर्तले.

शब्द आणि चित्र

रूपांतरातील खरी अडचण स्थळाची नसते, ती माध्यमाची असते. ‘कोंडुरा’तील परशुरामास समुद्रकाठी स्वामींचे दर्शन घडते. ते दर्शन सत्य की त्याच्या व्याकुळ मनाचा खेळ, हे लेखक शब्दांच्या आधारे संदिग्ध ठेवू शकतो. कॅमेऱ्यास तशी मुभा नसते. त्यास काहीतरी दाखवावेच लागते. चित्रपटात अमरीश पुरी स्वामींच्या रूपाने समोर उभे राहतात आणि प्रेक्षकाचा संशय पुष्कळसा मावळतो. उलटपक्षी समुद्राचे विराट रूप उभे करण्यास कादंबरीकारास परिच्छेदामागून परिच्छेद खर्चावे लागतात, तेथे गोविंद निहलानी यांच्या छायाचित्रणास काही क्षण पुरतात. पात्रे कमी करणे, प्रसंग जोडणे, निवेदनाचे संवादात रूपांतर करणे ही कामे पटकथाकारास करावीच लागतात. त्यांस लेखकाचा अपमान समजणे बरोबर नव्हे. देव, भय आणि वासना यांत सापडलेला माणूस आंध्रच्या किनाऱ्यावरही ओळखीचा वाटला, हे मूळ कादंबरीचे सामर्थ्यच म्हटले पाहिजे. मात्र तिची कोकणी वळणाची मराठी या प्रवासात मागे राहिली, हेही तितकेच खरे.

भाषा बदलली, स्थळ राहिले

याच्या उलट उदाहरण वेंगुर्ले तालुक्यातीलच आरवलीचे जयवंत दळवी यांचे. त्यांची ‘चक्र’ ही कादंबरी १९६३ सालची. विषय मुंबईच्या झोपडपट्टीतील जीवनाचा. रवींद्र धर्मराज यांनी तीवरून हिंदी चित्रपट केला, तेव्हा भाषा बदलली, पण स्थळ तेच राहिले. स्मिता पाटील यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि १९८१ साली स्वित्झर्लंडमधील लोकार्नो महोत्सवात चित्रपटास सुवर्ण चित्ता हा सर्वोच्च सन्मान लाभला.

ग्रंथालयांचे काम

या तिन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. चित्रपट कादंबरीची जागा घेत नाही. तो तिचे एक वाचन असतो. दिग्दर्शकाने केलेले वाचन पाहून झाल्यावर आपले स्वतःचे वाचन करणे हे प्रेक्षकाचे काम उरते. ते झाले नाही, तर पुढील पिढीस ‘कोंडुरा’ हे केवळ एका जुन्या चित्रपटाचे नाव म्हणून ठाऊक राहील, आणि ज्या किनाऱ्याने ते दिले त्याची ओळख पुसट होईल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेली वाचनालये गावोगाव आहेत. त्यांनी एका सायंकाळी चित्रपट दाखवावा आणि पुढील आठवड्यात त्याच कादंबरीवर चर्चा ठेवावी. खर्च थोडा, लाभ मोठा. कोंडुऱ्याचा समुद्र येथून जवळच आहे. खानोलकरांच्या शब्दांतील समुद्र मात्र पुस्तक उघडल्यावाचून भेटत नाही.