क जीवनसत्त्व आणि कर्करोग

आवळा, पेरू, लिंबू यांची थोरवी घरांतील वडीलधाऱ्या माणसांस रसायनशास्त्राचें साहाय्य न घेतांच ठाऊक असते. या फळांतील ‘क’ जीवनसत्त्व शरीरास न मिळाल्यास स्कर्व्ही हा रोग होतो. हिरड्यांतून रक्त वाहूं लागतें आणि अखेर माणूस दगावतो. जेम्स लिंड या आरमारी वैद्यानें १७४७ मध्यें अशा बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला. संत्रीं व लिंबें मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. इतकी गुणकारी वस्तु कर्करोगासारख्या दुर्धर व्याधीवरहि कां चालूं नये, असा प्रश्न मनांत येणें स्वाभाविक आहे. तो थोर शास्त्रज्ञांनाहि पडला.

स्कॉटलंडमधील व्हेल ऑफ लीव्हन रुग्णालयांतील शस्त्रवैद्य यूअन कॅमेरॉन यांची कल्पना अशी होती कीं, कर्करोगाच्या पेशी भोवतालचें बंधनद्रव्य विरघळवून आपला मार्ग काढतात. तें द्रव्य बळकट केलें तर रोगाचा प्रसार रोखतां येईल. ‘क’ जीवनसत्त्व तर शरीरांतील तंतूंच्या बांधणीस आवश्यकच. या विचारास रसायनशास्त्राचें १९५४ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे अमेरिकन शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांचा भक्कम पाठिंबा मिळाला. असाध्य ठरलेल्या रोग्यांस रोज सुमारें दहा ग्रॅम, म्हणजे निरोगी माणसाच्या गरजेच्या शंभरपट, मात्रा देण्यांत आली. १९७६ मध्यें दोघांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. असे शंभर रोगी सरासरी २१० दिवस जगले. त्याच रुग्णालयाच्या जुन्या दप्तरांतून निवडलेले, हें औषध न मिळालेले एक हजार रोगी मात्र अवघे ५० दिवस.

आंकडे डोळे दिपविणारे होते. परंतु खोट तुलनेंत होती. ‘आतां उपाय उरला नाहीं’ असें ज्या दिवशीं ठरलें, त्या दिवसापासून आयुष्याची मोजणी होती. समजा, सारख्याच रोगाचे दोन रोगी एकाच दिवशीं वारले. पहिल्यास सहा महिने आधीं असाध्य ठरविलें व दुसऱ्यास एकच महिना आधीं, तर कागदावर पहिला सहापट जगला असें दिसेल. वस्तुतः त्याचें आयुष्य एका दिवसानेंहि वाढलेलें नसेल. नवें औषध देण्यास उत्सुक असलेला वैद्य रोग्यास अंमळ लवकर असाध्य ठरवील, ही शक्यता राहतेच. त्यासाठीं मनांत लबाडी असावी लागत नाहीं.

ही चूक टाळण्याचा मार्ग असा: रोग्यांची वांटणी वैद्याच्या मर्जीवर न ठेवतां चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें करावयाची, एका गटास औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी निरौषधी गोळी द्यावयाची, आणि कोणास काय मिळालें हें रोग्यास वा वैद्यास कळूं द्यावयाचें नाहीं. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकनें या पद्धतीनें १२३ रोग्यांवर केलेली परीक्षा १९७९ मध्यें प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांच्या आयुर्मर्यादेंत अंतर आढळलें नाहीं. पॉलिंग यांनीं हरकत घेतली कीं, यांतील बहुतेकांची प्रतिकारशक्ति आधींच्या तीव्र औषधांनीं खचलेली होती. म्हणून अशीं औषधें न घेतलेल्या, मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाच्या १०० रोग्यांवर पुन्हां परीक्षा झाली. १९८५ मध्यें उत्तर तेंच आलें.

तरीहि एक दुवा निसटला होता. स्कॉटलंडमध्यें हें जीवनसत्त्व आरंभीं कांहीं दिवस शिरेंतून दिलें जाई. मेयोमध्यें तें केवळ तोंडावाटें दिलें गेलें. आंतडें ठराविक मर्यादेपलीकडे तें शोषून घेत नाहीं. शिरेंतून दिल्यास मात्र रक्तांतील प्रमाण कितीतरी पटींनीं चढतें, हें पुढें मोजमापानें स्पष्ट झालें. त्यामुळें नव्या परीक्षा सुरू झाल्या. चीनमधील ४४२ रोग्यांवरील परीक्षेचा निकाल २०२२ मध्यें आला. मोठ्या आंतड्याच्या पसरलेल्या कर्करोगास या पुरवणीनें एकंदरींत अधिक काळ आवर घातला नाहीं. उलट अमेरिकेंत आयोवा येथें स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्या ३४ रोग्यांच्या परीक्षेंत, नेहमींच्या औषधांस शिरेंतून ‘क’ जीवनसत्त्वाची जोड दिल्यावर आयुष्य सुमारें ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेल्याचें २०२४ मध्यें जाहीर झालें. चौतीस ही संख्या लहान आहे. त्यावरून आशा धरतां येईल, निर्णय देतां येणार नाहीं.

‘लाभ नाहीं तर निदान अपाय तरी नाहीं’ ही समजूतहि धोक्याची आहे. फिनलंडमध्यें सुमारें २९,००० धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या परीक्षेंत, गाजरांतील बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनीं अधिक आढळला, असें १९९४ मध्यें प्रसिद्ध झालें. रोग टळावा म्हणून दिलेली वस्तूच रोगाच्या बाजूस गेली.

घरांत हें दुखणें शिरलें म्हणजे माणसें मिळेल त्या काडीचा आधार शोधतात, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. आहारांतील आवळ्यास वा लिंबास कोणीहि भिण्याचें कारण नाहीं. परंतु मोठ्या मात्रेची गोळी वा सुई ही उपचार करणाऱ्या डॉक्टरांस न सांगतां घेऊं नये, आणि तिच्या भरंवशावर सिद्ध झालेला उपचार तर मुळींच सोडूं नये. कारण या रोगांत गेलेला वेळ परत मिळत नाहीं.