भटजींना कोणीतरी विचारलं म्हणून

ग्वाल्हेरच्या फूलबागेजवळ झाशीच्या राणीची समाधी आहे. राणी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो घोडा, उगारलेली तलवार आणि पाठीशी बांधलेलं मूल. पण ही बाई सकाळी उठून काय करायची, पोशाख कसा करायची, इंग्रजांची फौज झाशीवर चालून येत असताना वाड्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू कसं पार पडलं, हे आपल्याला कोणी सांगितलं? एका कर्जबाजारी भिक्षुकाने. तो दरबारी नव्हता, शिपाई नव्हता आणि बखर लिहायला तर कोणी त्याला नेमलंच नव्हतं.

विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे. घरात लग्नकार्यांचं कर्ज झालेलं. अशात कोकणापर्यंत बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि त्यात लाखो रुपये खर्च होणार आहेत. बायजाबाई म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या विधवा पत्नी. दक्षिणा हातात पडली तर कर्ज फिटेल, या हिशेबाने तिशीच्या आसपासचे विष्णुभट काका रामभटांना बरोबर घेऊन १८५७ साली पायी निघाले. महूच्या वाटेवर त्यांना शिपाई भेटले आणि पुढे बंड होणार आहे याची कुणकुण लागली. शहाणा माणूस तिथूनच परतला असता. हे दोघे पुढे गेले. उज्जैन, धार, ग्वाल्हेर करत झाशीला पोचले आणि इंग्रज सेनापती ह्यू रोझच्या वेढ्यात सापडले.

मार्च-एप्रिल १८५८ मधला झाशीचा पाडाव इंग्रजांच्या कागदपत्रांत तपशिलाने आहे. तोफा कुठे लावल्या, किती मेले, कोणत्या पलटणीने कोणता दरवाजा धरला, सगळं आहे. तटाच्या आत लपून बसलेल्या माणसाला काय दिसलं ते मात्र तिथे नाही. ते गोडसे भटजींनी सांगितलं. लूटसुद्धा क्रमाने झाली, आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. झाशीचा ग्रंथसंग्रह जळाला, त्याचं दुःख या पोथीवर जगणाऱ्या माणसाला झालं, सेनापतीच्या अहवालात त्याला कुठून जागा असणार? पुढे कालपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना पळून निघालेली, तहानलेली राणी भेटली. त्यांनी पाणी काढून देऊ केलं, तर तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही कशाला, अशा अर्थाचं काही बोलून तिने स्वतःच पाणी काढलं. शिल्पकाराला हा प्रसंग उपयोगाचा नाही. मला मात्र पुतळ्यातल्या राणीपेक्षा ही दमलेली, धुळीने माखलेली बाई जास्त खरी वाटते.

हे सगळं भटजींनी तेव्हाच लिहून ठेवलं असेल असं वाटतं ना? नाही. कावडीतून गंगाजल घेऊन ते घरी परतले आणि पुन्हा भिक्षुकी करू लागले. गोष्टी सांगत असतील, लोक ऐकत असतील, बस्स. जवळजवळ पाव शतक लोटलं. मग कल्याणच्या चिंतामण विनायक वैद्यांनी त्यांना म्हटलं, हे लिहून काढा. वैद्यांचा जन्म १८६१ चा, म्हणजे बंडाच्या वेळी ते जगात नव्हते आणि हे सांगताना नुकते विशी ओलांडलेले होते. भटजींनी १८८३ च्या सुमारास लिहून दिलं.

पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेलं एवढं कसं टिकलं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. माझा तर्क असा की वेदांचं पाठांतर करून वाढलेल्या माणसाच्या स्मरणाला वळणच वेगळं असतं. शिवाय हा माणूस पैशासाठी घराबाहेर पडलेला. कुठे किती दक्षिणा मिळाली, कुठे काय खाल्लं, कुठे लुबाडलं गेलो, हे तो कसं विसरेल? राज्यं बुडाल्याची तारीख चुकते, गेलेला पैसा चुकत नाही. पण गोडसे भटजींचा प्रत्येक शब्द डोळ्यांदेखतचा नाही. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला राणीने देह ठेवला, ते त्यांनी ऐकीव सांगितलं आहे. पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच ओघात येतं, निवडायचं काम वाचणाऱ्याचं. आणि ऐकीव म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. गावोगाव लोक एकमेकांना काय सांगत होते, हे त्यातूनच तर कळतं.

हस्तलिखिताची पुढची कथा मूळ प्रवासाइतकीच आडवळणाची. बंडाची हकीकत छापायची म्हणजे सरकारची भीती, म्हणून ती तशीच पडून राहिली. वैद्य पुढे ग्वाल्हेर संस्थानातच सरन्यायाधीश झाले. ज्या गावच्या बायजाबाईंच्या यज्ञाच्या वार्तेने भटजी घराबाहेर पडले, त्याच गावी त्यांची हकीकत लिहवून घेणारा माणूस न्यायाच्या खुर्चीत बसला! भटजींच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये, ‘माझा प्रवास’ छापून आलं. पण वैद्यांनी भाषा घासूनपुसून घेतली, काही गाळलं, काही पदरचं घातलं. हेतू वाईट नव्हता, त्या काळी संपादन असंच करायचं असतं असं त्यांना वाटलं असणार. आणि त्यांच्या हातून एक फार मोठी गोष्ट झाली. त्यांनी मूळ कागद फेकून दिले नाहीत. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेले, आणि १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी भटजींचं मूळ लेखन प्रसिद्ध केलं. मग भटजी त्यांच्या स्वतःच्या आवाजात ऐकू आले.

विचारणाऱ्यावाचून अशी हकीकत सहसा कागदावर येत नाही. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांकडे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून जाऊन बसल्या, म्हणून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. कधी कधी विचारणारं कोणी नसतानाही माणूस लिहितो. इटलीतल्या क्लेलिया मार्की या शेतकरी बाईने नवरा गेल्यावर आपलं आयुष्य पलंगावरच्या चादरीवर ओळीने लिहून काढलं. पिएव्हे सांतो स्तेफानो नावाच्या छोट्या गावात सामान्यांच्या रोजनिश्या जपणारं अभिलेखागार १९८४ पासून आहे, तिथे ती चादर ठेवली आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या आसपास आणि शिंदे की छावणीत, पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. तिथल्या एखाद्या आजींपुढे फोन ठेवून “तुमचं आयुष्य सांगा” म्हटलं, तर त्या म्हणतील, “माझं काय मेलं सांगण्यासारखं?” आणि चहा टाकायला उठतील. त्याऐवजी विचारावं, पहिल्यांदा सासरी आलात तेव्हा पाणी कुठून भरायचात? दिवाळीला फराळात तुमच्याकडे काय व्हायचं आणि शेजारच्या हिंदी घरात काय? यजमानांचा पहिला पगार किती होता, आणि तो घरी कोणाच्या हातात पडायचा? मग गप्प बसावं, मध्येच आपली माहिती सांगू नये. बोलता बोलता त्या हिंदीत शिरतील, अर्धं वाक्य तिकडचं आणि क्रियापद इकडचं असं बोलतील. उतरवून घेताना ते तसंच ठेवावं, पुण्याच्या मराठीत आणू नये. मूळ ध्वनिमुद्रण दोन वेगळ्या ठिकाणी राहील असं पाहावं, आणि त्यासोबत आजींचं नाव, पेठ, तारीख आणि त्यांची परवानगी लिहून ठेवावी. आजी म्हणाल्या की हे मी असेपर्यंत बाहेर काढू नकोस, तर थांबावं. भटजींची हकीकत छापून येईपर्यंत भटजीही राहिले नव्हते.