रक्तानें डागळलेलें पंचांग

आपल्या उजव्या हाताचा आंगठा क्षणभर उजेडांत धरून पाहावा. त्यावरील बारीक रेषांस आपल्याकडील वडील माणसें शंख, चक्र अशीं नांवें देतात व त्यांवरून मुलाचें भाग्य सांगतात. तें भाग्य कितपत खरें, या वादांत आम्ही शिरत नाहीं. परंतु या रेषा जन्मापूर्वींच उमटतात व जन्मभर पालटत नाहींत, हें खरें आहे. आणि त्यांच्यावर एकदां बंगालमध्यें एका मनुष्याच्या प्राणांचा प्रश्न येऊन ठेपला होता.

इ. स. १८९७ च्या ऑगस्टमध्यें जलपायगुडी जिल्ह्यांतील एका चहाच्या मळ्याचा व्यवस्थापक आपल्या बिछान्यांत गळा कापलेला आढळला. पेटींतील पैसे नाहींसे झाले होते, आणि आचाऱ्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते! गांवाला आणखी काय हवें? आपण धन्याच्या जेवणासाठीं कबुतर मारलें, असें तो बिचारा सांगत होता. रक्ताची परीक्षा नसती, तर त्याचें कोणीं ऐकलें असतें? पक्ष्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं लंबगोल दिसतात, माणसाच्या वाटोळ्या दिसतात. एवढ्या भेदावर निरपराध्याची मान वांचूं शकते.

त्या पेटींत निळ्या वेष्टणाचें एक बंगाली पंचांग होतें. त्यावर दोन तपकिरी डाग होते. भिंगांतून पाहतां त्यांपैकीं एकांत आंगठ्याच्या रेषा स्पष्ट दिसल्या. प्रथम आलेल्या एखाद्या मनुष्यानें तें पंचांग सहज चाळलें असतें, तर सारा पुरावा तेथेंच पुसला गेला असता. म्हणूनच अशा जागीं कशासही हात न लावणें हा तपासाचा पहिला धडा होय.

परंतु हजारों ठशांतून हवा तो शोधावा कसा? कलकत्त्यास त्याच वर्षीं एडवर्ड हेन्री यांच्या देखरेखीखालीं ठशांची कचेरी निघाली होती. अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघांनीं तेथें रेषांच्या आकृतींवरून ठशांचे १,०२४ वर्ग पाडण्याची युक्ति बसविली होती. (पुढें १९०१ सालीं लंडनच्या पोलिसांनीं हीच पद्धति स्वीकारली, नांव मात्र एकट्या हेन्रींचें चाललें, याचें आम्हांस वाईट वाटतें.) पंचांगावरील ठसा पूर्वीं चोरीबद्दल शिक्षा भोगलेल्या एका जुन्या नोकराच्या उजव्या आंगठ्याशीं जुळला. तो दूर बीरभूम जिल्ह्यांत सांपडला.

आतां त्यास फांशी झाली असेल, असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. १८९८ सालीं चोरीचा अपराध त्याजवर शाबीत झाला, खुनाचा झाला नाहीं. घाव घालतांना त्यास कोणीं पाहिलें नव्हतें. रक्ताळलेला हात पंचांगास लागला, एवढेंच आंगठ्यानें सांगितलें होतें. आणि न्यायालयानें त्याचें तेवढेंच ऐकलें.