तिसऱ्या तारेचा हिशेब

मालवण तालुक्यातील धामापूर गावाची ओळख तेथील तलावामुळे आहे. १५३० साली बांधलेल्या या तलावाला आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० साली जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. तलावात बारा महिने पाणी असते. पण सभोवारच्या जांभ्याच्या सड्यावर ते टिकत नाही. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी निथळून जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत जमीन ठणठणीत कोरडी पडते. विहिरीच्या संदर्भात ही गोष्ट कोकणातील प्रत्येक गृहस्थाला ठाऊक असते. स्वयंपाकघरातील मिक्सर, फ्रिज आणि गिझर यांच्या सुरक्षिततेशीही तिचा तितकाच निकटचा संबंध आहे, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

एके काळी पाट्या-वरवंट्यावर निघणारे खोबऱ्याचे वाटप आज मिक्सरमध्ये निघते. आंबोळीचे पीठ ग्राइंडरमध्ये वाटले जाते आणि चहा इंडक्शनच्या शेगडीवर उकळतो. घरात पाणी, धातू आणि वीज ही तिन्ही सर्वांत जवळ येतात ती स्वयंपाकघरातच. तेथे वावरणाऱ्या गृहिणीचे हात बहुधा ओले असतात आणि पाय लादीवर अनवाणी असतात. कोरडी त्वचा विजेच्या प्रवाहाला बऱ्यापैकी अडवते. ओल्या त्वचेत ते बळ राहत नाही. म्हणूनच दिवाणखान्यात केवळ झिणझिण्या आणणारा दोष स्वयंपाकघरात प्राणघातक ठरू शकतो.

धातूचे बाह्यांग असलेल्या उपकरणाच्या प्लगला तीन पिना असतात. त्यांपैकी सर्वांत जाड आणि लांब पीन अर्थिंगची. आतील तारेचे आवरण झिजून फेज पत्र्याला टेकला, तर प्रवाहाला जमिनीत उतरण्याची वाट मिळावी, हा तिचा हेतू. परंतु खेड्यातील खांबावरून घरात सामान्यतः दोनच तारा येतात : फेज आणि न्यूट्रल. तिसरी तार ज्याची त्यानेच आपल्या आवारात खड्डा खणून, नळी अथवा पत्रा पुरून निर्माण करावयाची असते. ती किती चांगली, हे जमिनीवर अवलंबून असते. ओलसर काळ्या मातीत प्रवाह सहज मुरतो. कोरड्या जांभ्यात तो अडखळतो. खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात, ते याचसाठी.

येथे थोडे गणित करणे उपयुक्त ठरेल. घरातील दाब २३० व्होल्ट आहे. अर्थिंगचा रोध २० ओहम आहे असे मानू. जांभ्याच्या जमिनीत हा आकडा मुळीच वाईट नव्हे. फ्रिजच्या पत्र्याला फेज टेकला, तर जमिनीत उतरणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे फार तर ११.५ अँपिअर होईल. फ्रिजच्या सर्किटला १६ अँपिअरचा एमसीबी असेल, तर त्याच्या लेखी हा नेहमीचाच भार होय. तो खाली पडणार नाही, आणि फ्रिजच्या मुठीवर जवळजवळ पूर्ण दाब टिकून राहील. घरात नवा एमसीबी बसवला म्हणजे माणसे सुरक्षित झाली, हा समज येथे चुकतो. एमसीबी मुख्यतः तारांना जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवणारे साधन वेगळे आहे.

त्याचे नाव आरसीसीबी. त्याचे काम व्यापारी कुटुंबांना सहज उमगेल, कारण ते रोजमेळासारखे आहे. फेजच्या तारेने जेवढा प्रवाह घरात आला, तेवढाच न्यूट्रलने परत गेला पाहिजे. हे साधन दोन्ही बाजूंचा मेळ अखंड घालत असते. जमा आणि परतीत ३० मिलिअँपिअरची तूट दिसली, की कोठेतरी गळती आहे असे ठरवून ते वीज तोडते. त्यासाठी प्रमाणित मर्यादा सेकंदाच्या तीन-दशांशाची आहे. गळती मोठी असेल तर हा वेळ आणखी कमी होतो. वरील उदाहरणातील अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात ५०० ओहमपर्यंत चढला, तरी गळती ४६० मिलिअँपिअर होईल. एमसीबीला तिचा पत्ताही लागणार नाही. आरसीसीबी मात्र तत्काळ पडेल. जांभ्यावरच्या घरात हे साधन चैनीचे नाही, याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

३० मिलिअँपिअर हा आकडा प्रयोगांतून पुढे आलेल्या ज्ञानावर बेतलेला आहे. अमेरिकेतील बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी माणसाचे शरीर किती प्रवाह सहन करते, याचा अनेक वर्षे अभ्यास केला. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि हातातील वस्तू सोडता येत नाही. त्याहून मोठा प्रवाह छातीतून काही काळ वाहिला, तर हृदयाची लय बिघडते. १९६० च्या दशकाच्या आरंभी डॅलझील यांनी गळती ओळखून वीज तोडणारे साधन सिद्ध केले. पुढे अमेरिकेच्या वीज-संहितेने ते १९७५ साली न्हाणीघरासाठी आणि १९८७ साली स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी आवश्यक केले. आपल्याकडेही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत ठरावीक क्षमतेवरील वीजजोडणीसाठी गळतीसंरक्षक साधनाची तरतूद आहे. जुन्या घरांत मात्र ते मालकानेच पुढाकार घेऊन बसवावे लागते.

आरसीसीबीच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला गेला, तर मेळ बरोबरच राहतो आणि साधन गप्प बसते. अर्थिंगची तार मुळीच नसेल, तर दोष उद्भवताच वीज जात नाही. कोणाचा तरी हात लागल्यावर जाते. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी यांपैकी एक पुरे, असे म्हणता येत नाही. घरात इन्व्हर्टर असल्यास त्यावरील सर्किटलाही हे संरक्षण आहे का, याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी. साधनावर एक चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. वीज गेली नाही, तर साधन त्वरित बदलावे.

दुसरा धोका भाराचा. २००० वॅटची इंडक्शन शेगडी पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. ६ अँपिअरच्या सॉकेटला हा भार पेलवत नाही; तिला १६ अँपिअरचे सॉकेट आणि त्याजोगी जाड, सामान्यतः २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर शेगडी, केटल आणि ओव्हन चालवणे म्हणजे आग ओढवून घेणे होय. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पीन काढून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवण्याची युक्ती तर सर्वांत घातक. दुहेरी आवरणाच्या काही उपकरणांना अर्थिंग लागत नाही. त्यांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते.

किनाऱ्यावरील खारी हवा सॉकेटच्या पितळी पट्ट्या आणि अर्थिंगचे जोड पोखरते. वरून रंग ठीक दिसतो आणि आत जोड गंजून सुटलेला असतो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानंतर सिंधुदुर्गात वीजपुरवठा विस्कळीत झाला होता. अशा वेळी न्यूट्रल तुटलेला असेल, तर घरात अवाजवी दाब येऊ शकतो. म्हणून वादळात आणि कडकडाटात उपकरणांचे प्लग काढून ठेवावेत.

ज्यांची विद्युत वस्तूंची दुकाने आहेत, त्यांच्यावर आणखी एक जबाबदारी येते. तारा, स्वीच, इस्त्री, पाणी तापवण्याचा रॉड अशा अनेक वस्तूंना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या कायद्यानुसार असा माल चिन्हाविना विकणेच नव्हे, तर विक्रीसाठी साठवणे आणि मांडणेही निषिद्ध आहे. अस्सल चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर तो कोणालाही पडताळता येतो. चार पैसे स्वस्त पडलेल्या रॉडवर मिळालेला नफा कोणत्या वहीत कोणाच्या नावे पडेल, याचा विचार गल्ल्यावर बसणाऱ्याने करावयाचा आहे.

इतके असूनही कोणाला विजेचा धक्का बसलाच, तर त्याला हाताने ओढू नये. प्रथम मेन स्वीच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे आणि विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.

मृग लागण्यापूर्वी कोकणातला गृहस्थ कौले चाळतो आणि सरपण आत घेतो. त्याच कामांच्या यादीत परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंगचा रोध यंत्राने मोजून घेणे समाविष्ट व्हावे. ही मोजणी मे महिन्यातच करावी. पावसाळ्यात भिजलेली जमीन चांगला आकडा दाखवते. अर्थिंगची खरी परीक्षा जांभा कोरडा असतानाच होते.