यकृताचा कडकपणा: ८, १२ आणि त्यामागचे गणित

८ आणि १२. फॅटी लिव्हरच्या रुग्णाचा फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा सांगणाऱ्या तपासणीचा, अहवाल वाचताना डॉक्टर या दोन आकड्यांकडे बघतात. कडकपणा ८ किलोपास्कलच्या आत असेल तर यकृतात तंतू साचून गंभीर फायब्रोसिस झाल्याची शक्यता कमी. १२ च्या वर गेला तर पुढच्या तपासण्या कराव्या लागतात. चौकसारख्या गावातून पनवेल किंवा नवी मुंबई गाठून ही तपासणी करून आलेल्याच्या घरी सगळ्यांचे लक्ष त्या एकाच आकड्यावर असते. पण तो थेट मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो.

यंत्र बरगड्यांच्या मधून यकृताला हलका धक्का देते. त्याची लाट ५० हर्ट्झची असते आणि ती किती वेगाने पुढे जाते हे ध्वनिलहरींनी टिपले जाते. मग सूत्र लागते: कडकपणा = ३ × घनता × वेगाचा वर्ग. घनता पाण्याइतकी, म्हणजे घनमीटरला १,००० किलो धरतात.

सेकंदाला १.३ मीटर वेग: ५.१ किलोपास्कल
१.६ मीटर: ७.७
२ मीटर: १२
३ मीटर: २७

वेगाचा वर्ग होत असल्याने चूकही वाढते. वेग १० टक्क्यांनी जास्त टिपला गेला, तर कडकपणा २१ टक्क्यांनी फुगतो. खरा १० असेल तिथे १२.१ छापून येईल आणि रुग्ण विनाकारण घाबरेल.

सूत्रातला ३ हा आकडाही गृहीतकांवर उभा आहे: यकृत सगळीकडे सारखे आहे, दाबून त्याचे आकारमान घटत नाही, आणि ताण वाढेल त्याच प्रमाणात ते ताणले जाते. मऊ ऊती इतक्या सरळ नसतात. जितके ताणावे तितक्या त्या अधिक कडक होतात, हे युआन-चेंग फंग यांनी १९६७ मध्ये सशाच्या आतड्याच्या पडद्यावर दाखवले. त्यानंतरच्या मॉडेलांमध्ये तंतूंची दिशाही आली. मात्र प्राचले, म्हणजे मॉडेलमध्ये ठरवायचे आकडे, वाढली की नवी अडचण येते: त्यांच्या अनेक वेगवेगळ्या जोड्या त्याच मोजमापाशी जुळतात, आणि खरी कोणती हे ठरत नाही. म्हणून दवाखान्यातले यंत्र एकाच प्राचलावर थांबते. ही तडजोड योग्य आहे, पण ती माहीत हवी.

म्हणून अहवालात तीन गोष्टी बघा. वैध मोजण्या किमान १० आहेत का? छापलेला आकडा त्यांचा मध्यक असतो. त्यांच्यातला फरक, म्हणजे आयक्यूआर, मध्यकाच्या ३० टक्क्यांच्या आत आहे का? आणि तपासणीआधी किमान ३ तास पोट रिकामे होते का? जेवणानंतर यकृतातला रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा चढतो. यकृताला सूज असली तरीही तो चढतो.

तेव्हा सकाळी निघताना पोहे किंवा वाटेत वडापाव खाऊ नका. डबा सोबत घ्या आणि तपासणी झाल्यावर खा. आणि एका आकड्यावर घाबरून न जाता तो रक्ताच्या तपासण्यांसोबत डॉक्टरांकडून वाचून घ्या.