जुनी गाडी, जुना बोजा

'जुनी गाडी घ्यायची म्हणतोय,' असे मी घरात जाहीर केले, तेव्हा सौ. गव्हाचे खडे निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, 'आपल्यापेक्षा जुनी?' सहासष्ट वर्षांच्या माणसाला याहून सभ्य उत्तर देता येत नाही.

प्रश्न खरे तर आईचा होता. तिचे वय शहाऐंशी. मुलाची नवी उंच गाडी आहे. तिच्यात चढायला आईला पाट लागतो. धाकट्या भावाची गाडी बुटकी. तिच्यात ती बसते, पण बाहेर काढायला दोघे लागतात. वर्षातून चार-सहा वेळा तिला बाहेर पडायचे असते: चैत्रात जेजुरीला, गणपतीत भावाकडे, मधूनच सासवडला माहेरच्या माणसांत. 'पूर्वीच्या फियाटीत कसं, खुर्चीत बसल्यासारखं बसता यायचं,' असे ती एकदा बोलून गेली, आणि माझ्या मनात चाळीस वर्षे दबा धरून बसलेली इच्छा उठून उभी राहिली. आईचे निमित्त, हौस माझी. हे वाचकांपासून लपवून उपयोग नाही; सौ.पासून ते लपले नव्हतेच.

बँकेतली सवय म्हणून आधी कागद घेतला. दोन लाखांची मर्यादा आखली. त्यातले निम्मे गाडीला आणि निम्मे गाडी घरी आल्यानंतर जे जे निघेल त्याला. हा दुसरा निम्मा जो धरत नाही, त्याची गाडी वर्षभरात ताडपत्रीखाली जाते.

मग उमेदवार. पहिली अँबॅसडर. हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ही गाडी निघत होती. मूळ घराणे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचे. मागच्या बाकावर तीन माणसे आणि एक नातू ऐसपैस. पण स्टिअरिंग जड आणि आमच्या सोसायटीचे वळण अरुंद. माझ्या उजव्या खांद्याने नकाराधिकार वापरला.

दुसरी स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासला १९६१ पासून बनू लागलेली, दिसायला फार देखणी. तिचे बॉनेट पुढच्या पंखांसकट मगरीच्या जबड्यासारखे उघडते आणि सगळे इंजिन समोर येते. पण सुरुवातीच्या हेरल्डला दोनच दारे. मागे जायचे तर पुढचे आसन दुमडून वाकून शिरायचे. शहाऐंशी वर्षांच्या बाईला हे सांगणार कोण? शिवाय तिचे सुटे भाग हुडकणे हा पूर्णवेळ धंदा आहे.

तिसरी मारुती ८००. चौदा डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिली किल्ली दिल्लीच्या हरपालसिंगांच्या हाती दिली, तेव्हा आम्ही तरुण अधिकारी तिला 'डबी' म्हणून हसलो होतो. आता तीही जुन्यांत जमा झाली. व्यवहाराने पाहिले तर पहिला नंबर तिचाच: हलकी, कमी खाणारी, आणि तिची दुरुस्ती गल्लीतला पोरगाही करतो. ज्याला जुन्या गाडीची केवळ हौस आहे आणि खिसा लहान आहे, त्याने खुशाल हीच घ्यावी. आमची अडचण एवढीच की, ती बुटकी.

राहिली फियाट. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. पन्नासच्या दशकातल्या फुगीर नाकाच्या गाडीला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' हे नाव दिले, ते अजून टिकून आहे. १९६४ साली चौकोनी चेहऱ्याची ११०० 'डिलाइट' आली. सत्तरच्या दशकात तिचीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सी.सी.चे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग बाक. मुंबईची काळी-पिवळी ती हीच. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून ती नाहीशी झाली. तिचे आसन गुडघ्याच्या उंचीवर येते, दार उभट आहे, आणि बसताना मान वाकवावी लागते ती जेमतेम. आईची परीक्षा ती पास झाली.

कोणत्या सालची घ्यावी, याचाही हिशेब आहे. पुष्कळांना वाटते, जितकी जुनी तितकी मानाची. पण २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या मोटारीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, आणि तशी नोंदली की ती प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्याच कामांसाठी रस्त्यावर आणायची असते. रोजच्या वापराला मनाई. ज्याला आईला जेजुरीला न्यायचे आहे त्याने पन्नाशीच्या आतलीच गाडी पाहावी. तिची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ते दहा हजार केले गेले. पर्यावरण कर वेगळा. हे सारे त्या दोन लाखांत धरायचे.

शोध सुरू झाला. बरोबर आमचे मिस्त्री, ज्यांची हयात फियाटी उघडण्यात गेली. त्यांचे पहिले सूत्र : 'साहेब, इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेला पत्रा परत येत नाही.' या गाडीला वेगळी चासी नाही. खालचा पत्रा हाच तिचा कणा. म्हणून ते रंगाकडे बघतच नसत. पायाखालचे मॅटिंग उचलत, दाराखालच्या पट्टीला बोटाने दाबत, डिकीत स्टेपनीखाली हात घालत, जॅक लावायची जागा चाचपत. खिशातले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवत. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी. दार उचलून लावावे लागले की बिजागरी किंवा खांब गेला. गाडी पाहायला जाण्याआधी ती सुरू करून ठेवू नका, असे मालकाला सांगायचे आणि गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागले तर थंड इंजिनाचे खोकणे तुमच्यापासून लपवले आहे असे समजावे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. टायरची नक्षी पाहून फसू नये; त्याच्या कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि साल. नक्षी शाबूत असली तरी पंधरा वर्षे उभा असलेला टायर फुटायला टेकलेला असतो.

साताऱ्याची एक १९८८ ची पद्मिनी फोटोत फार चांगली दिसली. मालक ऐंशी उलटलेले, निवृत्त मुख्याध्यापक. गाडी पडवीत, वर धुतलेले पांघरूण. मिस्त्री खाली शिरले आणि मी कागद मागितले. गुरुजींनी पुस्तक आणले आणि मी पान उलटले. बँकेकडे तारण असल्याची नोंद तशीच होती. बँक माझीच होती, शाखा वेगळी.

'कर्ज कधीच फिटलं हो,' गुरुजी म्हणाले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक पत्र काढले. १९९३ सालचे. कर्ज पूर्ण फिटले आहे, आमची हरकत नाही, खाली शिक्का आणि सही. त्यांनी ते बत्तीस वर्षे घडी न मोडता जपले होते. तीन गिऱ्हाइके याच नोंदीपाशी परत गेली होती. पुतण्या तर म्हणाला होता, 'काका, तुम्ही बँकेचे पैसे बुडवलेत वाटतं.' हे सांगताना गुरुजींनी माझ्याकडे पाहिले नाही.

मी गप्प बसलो, कारण तसली पत्रे मी स्वतः दिली आहेत. शेवटचा हप्ता भरून माणूस पेढे घेऊन यायचा. आम्ही पत्रावर शिक्का मारायचो, 'चला, गाडी तुमची झाली' म्हणायचो आणि पेढा तोंडात टाकायचो. खरे तर त्या पत्राबरोबर फॉर्म ३५ सही-शिक्क्यानिशी द्यायचा असतो, आणि तो घेऊन आर.टी.ओ.त जाऊन नोंद काढून घ्या असे सांगायचे असते. कामाच्या धबडग्यात ते किती वेळा सांगितले, किती वेळा राहिले, आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. आमचे खाते बंद झाले की आमच्यापुरते प्रकरण मिटायचे. माणसाच्या पुस्तकात ते उघडेच राहायचे.

तेवढ्यात मिस्त्री खालून निघाले आणि त्यांनी मला बाजूला घेतले. उजवीकडची पट्टी पूर्ण सडलेली, पायाखालचा पत्रा वर्तमानपत्रासारखा. 'घेऊ नका.' मी घेतली नाही. पण ती पुस्तकाची छायाप्रत आणि ते पत्र घेऊन आलो.

पुढचे चार महिने मी जुन्या ओळखी उकरल्या. ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, खातेवही नष्ट केलेली. टेबलापलीकडचा तरुण अधिकारी म्हणाला, 'सर, सिस्टीममध्ये हे कर्जच नाही. मग ते फिटलं असं मी कसं लिहून देऊ?' प्रश्न अचूक होता. त्याच्या जागी असताना मीही तोच विचारला असता. शेवटी प्रतिज्ञापत्र, ते १९९३ चे पत्र आणि तीन अर्ज एवढ्यावर फॉर्म ३५ वर सही मिळाली. जुन्या हस्तलिखित नोंदी आधी संगणकावर चढवून घ्याव्या लागतात, त्याचा फेरा आर.टी.ओ.त वेगळा झाला. काम झाल्यावर गुरुजींचा फोन आला. 'साहेब, नाव निघालं.' गाडीचे आता काय करणार, असे मी विचारले. म्हणाले, 'पुतण्याला कागद दाखवला. गाडीचं बघू सावकाश.'

आमची गाडी शेवटी कोल्हापूरकडची मिळाली. १९९१ ची, एकाच घरात राहिलेली, रंग उडालेला पण पत्रा निकोप. मिस्त्रींनी इंधनाच्या रबरी नळ्या आधी बदलल्या. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्याने जुने रबर आणि गॅस्केटे खराब होतात. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढते, म्हणून टाकीत महिनोन् महिने पेट्रोल साठवून ठेवत नाही. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवतो, नाहीतर बॅटरी बसते आणि वायरींवर उंदीर बसतात. विमा उतरवताना गाडीचे मूल्य कंपनीशी बोलून ठरवावे लागले. वर्षाचा खर्च तीस हजार आणि धाव सहाशे किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला पन्नास रुपये. सौ. म्हणते, 'एवढ्यात टॅक्सीवाला आरतीसुद्धा म्हणेल.' तिचे बरोबर आहे. जुनी गाडी परवडते ती फक्त घ्यायला.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चारी चाकांना ड्रम ब्रेक, मागे पट्टे नाहीत, एअरबॅगचा प्रश्नच नाही. म्हणून द्रुतगती मार्ग वर्ज्य, रात्र वर्ज्य, पावसाळा वर्ज्य, साठाच्या पुढे काटा नाही. दिवे घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही. गाडी खालच्या गिअरमध्ये सोडायची. नातवंडांना नवीन गाडीत पट्टा लावूनच न्यायचे, ती रडली तरी. या गाडीत आई, सौ. आणि मी, एवढेच.

चैत्रात जेजुरीला गेलो. आईला पायऱ्या चढवत नाहीत. तिने खालूनच गडाकडे हात जोडले आणि गाडीत येऊन बसली. कुणी हात दिला नाही, तिने मागितलाही नाही.

घरी आल्यावर मी एक काम केले. गाडीची फाइल घेतली, पहिल्या पानावर मुलासाठी मोठ्या अक्षरात लिहिले : 'या गाडीवर कोणाचाही बोजा नाही. नोंद तपासली आहे.' खाली तारीख घातली आणि सही केली. पूर्वी करायचो तशीच, पूर्ण नावाची.